स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हात सुजू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत हे प्रश्न रोज येतात. बरेचदा बाई स्वतः गप्प असते आणि विचारते ती बरोबर आलेली मुलगी, जाऊ किंवा नवरा. उत्तरं तोंडी देतो तशीच लिहिली आहेत. तुमच्या सर्जननं तुमच्या जखमेबद्दल काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. जखम त्यांनी पाहिली आहे, मी नाही.

ऑपरेशन छातीचं झालं. मग हात का सुजेल?

कारण हाताच्या पाण्याची वाट काखेतून जाते. रक्तवाहिन्यांतून थोडा द्रव सतत बाहेर झिरपतो. त्यातलं काही पाणी आणि प्रथिनं परत गोळा करून रक्तात सोडण्याचं काम लसिकावाहिन्या करतात. हाताच्या आणि त्या बाजूच्या छातीच्या बहुतेक लसिकावाहिन्या काखेतल्या ग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये येतात. आजार तिथवर पोचला आहे का हे बघायला, किंवा पोचला असेल तर काढून टाकायला, सर्जन यातल्या काही ग्रंथी काढतात. मोरी अगदी बंद होत नाही, पण अरुंद होते. नेहमीचं पाणी जातं. एखाद्या दिवशी जास्त आलं की तुंबतं. अशा तुंबण्यातून टिकून राहणाऱ्या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात.

इथे आपल्या भाषेनं एक घोळ करून ठेवलाय. कॅन्सरचीही गाठ आणि काखेतल्या या ग्रंथींनाही गाठीच म्हणायचं. रिपोर्टमध्ये ‘१४ गाठी काढल्या’ असं ऐकून एक मावशी रात्रभर रडल्या होत्या. त्यांना वाटलं, आपल्याला चौदा कॅन्सर झाले. त्या चौदा म्हणजे प्रत्येकाच्या काखेत जन्मापासून असणाऱ्या ग्रंथी. त्यातल्या किती ग्रंथींत आजार सापडला, हा आकडा वेगळा लिहिलेला असतो. तो डॉक्टरांना जरूर विचारा.

सगळ्यांनाच सूज येते का?

नाही. काखेतल्या ग्रंथी मोठ्या प्रमाणावर काढल्या असतील, तर साधारण पाच जणींत एकीला येते. फक्त पहिल्या एकदोन पहारेकरी ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, काढून तपासल्या असतील, तर साधारण वीस जणींत एकीला. म्हणून तुमच्या काखेचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालं हे माहीत असायला हवं. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं.

काखेला किंवा गळ्याच्या हाडाच्या वर रेडिएशन दिलं असेल, वजन जास्त असेल, हाताला जंतुसंसर्ग झाला असेल, तर शक्यता वाढते. यातल्या पहिल्या गोष्टीवर आपलं काही चालत नाही. बाकीच्या दोन्हींवर चालतं.

ऑपरेशनच्या आधी काही करायचं असतं का?

हो, आणि नेमकं तेच राहून जातं. दोन्ही हात मोजून ठेवायचे.

उजवा आणि डावा हात मुळातच सारखे नसतात. उजव्या हातानं आयुष्यभर पीठ मळलेल्या बाईचा उजवा हात थोडा भरलेला असणारच. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ती ‘हात सुजल्यासारखा वाटतो’ म्हणत येते आणि उजवा हात एक सेंटिमीटरनं जास्त भरतो, तेव्हा आधीचं माप नसेल तर ती सूज आहे की तिचा हातच तसा आहे, हे सांगता येत नाही.

मोजायला शिंप्याची टेप पुरते. कापडी टेप जुनी झाली की ताणते, म्हणून नवी घ्या आणि दर वेळी तीच वापरा. टेबलाशी बसा, हात समोर सरळ ठेवा. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथे बॉलपेननं खूण करा. तिथून वर १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरवर आणखी खुणा. हात आखूड असेल तर शेवटची सोडा. प्रत्येक खुणेवर आणि अंगठा सोडून तळव्याभोवती घेर मोजा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतायला नको. मग दुसरा हात. दर वेळी सकाळीच मोजा, कारण संध्याकाळी हात तसाही किंचित भरतो.

आकडे हरवणार नाहीत अशा जागी लिहा. आमच्या एक आजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात. त्यांच्याइतकी नीट नोंद मी शिकलेल्या पेशंटांकडेही क्वचित पाहिली आहे. पहिलं वर्षभर दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी मोजलं तरी चालतं. कोणत्याही खुणेवर आधीच्या फरकापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त फरक दिसला, तर दाखवायला या. आणि हात जड वाटत असेल, तर दोन सेंटिमीटर भरायची वाटही बघू नका.

ऑपरेशन आधीच होऊन गेलं असेल, तर आज मोजा. उशिराचं मापही काहीच नसण्यापेक्षा बरं.

सूज दिसण्याआधी काही कळतं का?

बहुतेक वेळा कळतं, फक्त बायका ते बोलत नाहीत. संध्याकाळी हात जड पडतो. कातडी ताणल्यासारखी वाटते. अंगठीचा वळ उमटतो. बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या आणि तळव्यामागच्या शिरा दुसऱ्या हातावर दिसतात, या हातावर दिसत नाहीत. ब्लाउजची एकच बाही काचते.

साताऱ्याकडच्या एका ताईंनी वर्षभरात तीन वेळा एकच बाही उसवून घेतली. तिसऱ्या वेळी शिंपी म्हणाला, “ताई, कापड आता उरलं नाही, डॉक्टरला दाखवा.” तपासणीला त्या दर तीन महिन्यांनी येत होत्या. छाती तपासली जायची, रिपोर्ट बघितले जायचे. बाहीचं कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सुरुवातीच्या सुजेवर बोट दाबलं की खळगा पडतो, आणि रात्री हात उशीवर ठेवून झोपलं की सकाळी ती उतरते. ही गाठून उपचार केले तर बऱ्याचदा ती तिथेच थांबते. काही महिने किंवा वर्षं दुर्लक्ष झालं, तर आत चरबी आणि कडक तंतू साठतात. मग दाबून खळगाही पडत नाही आणि उशीचाही उपयोग होत नाही.

हाताची हालचाल कधी सुरू करायची?

दुसऱ्या दिवसापासून, हलकी. मूठ उघडझाप, मनगट फिरवणं, कोपर वाकवून सरळ करणं आणि दीर्घ श्वास. स्नायू आकसतो आणि सैल होतो तेव्हा तो लसिकेला, म्हणजे लसिकावाहिन्यांतल्या द्रवाला, पुढे ढकलतो. हृदयासारखा वेगळा पंप लसिकेला नाही. जखमेतलं पाणी बाहेर काढायला लावलेली नळी असेतोवर हात साधारण खांद्याच्या रेषेपर्यंतच. नळी निघाली आणि सर्जननं होकार दिला, की भिंतीशी उभं राहून बोटांनी भिंत चढायची. रोज पेन्सिलीनं खूण करा; काल कुठवर गेलो होतो ते दिसतं. केस विंचरणं, मागची हूक लावणं, दोरीवर कपडे वाळत घालणं हे सगळे व्यायामच आहेत. स्तनाची पुनर्रचना केली असेल, तर वेळापत्रक वेगळं असतं, ते सर्जनकडूनच घ्या.

स्पेनमध्ये १२० जणींवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या काखेतल्या ग्रंथी काढलेल्या होत्या. निम्म्यांना सुरुवातीपासून फिजिओथेरपी दिली, बाकीच्यांना फक्त माहिती. वर्षभरात फिजिओथेरपी घेतलेल्यांपैकी ७ टक्क्यांना सूज आली, दुसऱ्या गटात २५ टक्क्यांना.

काखेतून कोपरापर्यंत तार ताणल्यासारखी दिसते. शीर आखडली का?

शीर नाही. ती आकसलेल्या लसिकावाहिन्यांची दोरी असते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेकींना होते. हात वर करताना ओढतं, म्हणून बाई हात वर करणंच सोडते, आणि मग खांदा धरतो. हळूहळू ताण देत राहिलं की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ती सैल पडते. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. नेटवरचे व्हिडिओ बघून झटके मारू नका.

सगळे सांगतात, “हात जपा, काही उचलू नका.” किती दिवस?

हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. डिस्चार्जच्या वेळी कुणीतरी घाईत ‘या हातानं जड उचलायचं नाही’ म्हणतं, आणि बाई पाच वर्षांनीही पिशवी दुसऱ्या हातात घेते. हात बारीक होतो, खांदा आखडतो, ताकद जाते. मग नातवाला उचललं की त्याच कमजोर हातावर एकदम भार येतो. अशानं मोरीत पाणी जास्त येतं, कमी नाही.

पूर्वी वजन उचलणं बंदच ठेवायचे, त्यामागे काळजी होती, पुरावा नव्हता. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आधीच हात सुजलेल्या बायकांकडून देखरेखीखाली वजनं उचलून घेतली, अगदी थोड्यापासून सुरुवात करून, हळूहळू वाढवत. सूज वाढली नाही. उलट ती मधूनच चिघळण्याचे प्रसंग कमी झाले.

जखम भरून डॉक्टरांनी परवानगी दिली की, साधारण महिना-दीड महिन्यानं, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्या. तेच अर्धा किलो झालं. आठवड्यातून दोन-तीनदा दहा-दहा वेळा. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला नाही तर थोडं वाढवा, वाटला तर मागच्या पायरीवर या. शेवटी भरलेली बादली, कणकेचा गोळा, एसटीत वर ठेवायची बॅग, सगळं जमायला हवं.

टाळायचं ते एकदम. वर्षभर काही केलं नाही आणि दिवाळीच्या आधी एका दिवसात सगळे माळे झाडले. किंवा उन्हाळ्यात वाड्यातल्या सगळ्यांचे पापड एका बैठकीत लाटले. कापूस वेचणीला जाणाऱ्यांनीही पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस, मग पूर्ण. मजुरी बुडते हे मला कळतं. पण पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी केली आणि हात सुजला, तर हंगामच जातो.

कातडीची काळजी घ्या म्हणतात, म्हणजे नक्की काय?

जंतू आत शिरू द्यायचे नाहीत. छोट्या कापातून संसर्ग झाला की तो हातभर पसरतो, आणि उरलेल्या लसिकावाहिन्याही खराब करतो. प्रत्येक संसर्गानंतर मोरी आणखी अरुंद.

आपल्याकडे धोका बहुतेक स्वयंपाकघरात आणि शेतात असतो. विळी, नारळाची खवणी, तव्याची कड, मासे साफ करताना लागणारा काटा. शेतात उसाची पात आणि कापसाच्या बोंडाची टोकं. भांडी घासताना रबरी हातमोजे, शेतात पूर्ण बाहीचा जुना शर्ट. खरचटलंच, तर साबण-पाण्यानं धुवा, अँटिसेप्टिक लावा आणि दोन दिवस लक्ष ठेवा. कातडी कोरडी पडून भेगाळू देऊ नका. साधं खोबरेल तेल चालतं.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ऑपरेशननंतर काख आणि दंडाची आतली बाजू बऱ्याचदा बधिर असते. तिथे वस्तरा लागला तर कळत नाही, गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलं तरी कळत नाही. म्हणून काखेतले केस काढायला ब्लेड नको, छोटा ट्रिमर घ्या. साधी मेंदी चालते. काळी ‘झटपट’ मेंदी नको, तिच्यातल्या रसायनानं फोड येतात.

हात लाल झाला, गरम लागतो, थंडी वाजून ताप आला. काय करू?

त्याच दिवशी डॉक्टरकडे. उद्या नाही. यावर अँटिबायोटिक लागतं, कधी ॲडमिटही व्हावं लागतं. तोवर स्लीव्ह (सुजेसाठी हातावर घालायची घट्ट ताणदार बाही) आणि मालीश बंद.

त्या हाताला बीपी, सुई, सलाइन चालतं का?

शक्य असेल तेव्हा दुसरा हात पुढे करा, एवढंच. त्यापायी जीव टांगणीला लावू नका. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात शेकडो बायकांचे हात ऑपरेशनआधीपासून मोजत नेले, तेव्हा बीपी, रक्त काढणं, इंजेक्शन आणि विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो काखेच्या मोठ्या ऑपरेशनचा, जास्त वजनाचा आणि जंतुसंसर्गाचा. अपघातात किंवा आयसीयूत दुसऱ्या हाताची शीर मिळत नसेल, तर नातेवाइकांनी अडून बसू नये. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं असेल, तर कुठला हात वापरायचा हे तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून कागदावर लिहून घ्या.

स्लीव्ह आधीपासूनच घालावी का?

प्रत्येकीला गरज नाही. पण काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्या असतील, तर विचारायला हवं. याचा पुरावा आपल्या मुंबईतूनच आला आहे. टाटा मेमोरियलमध्ये सुजेचा धोका जास्त असलेल्या तीनशेहून अधिक बायकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला ऑपरेशननंतर लगेच दिवसा स्लीव्ह घालायला दिली आणि उपचार संपल्यावरही तीन महिने चालू ठेवायला सांगितलं. हाताच्या आकारमानावरून मोजलं, तेव्हा वर्षभरात स्लीव्हवाल्या गटात सुमारे १४ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात २५ टक्क्यांना सूज आली होती.

स्लीव्ह मापानं घ्यायची. मेडिकलमधला क्रेप बँडेज म्हणजे स्लीव्ह नव्हे, आणि मैत्रिणीची तर मुळीच नको. वरचा काठ दुमडून गुंडाळू नका, तिथे दोरी बांधल्यासारखा आवळ पडतो. बोटं सुजली, मुंग्या आल्या, तर माप चुकलंय. रात्री काढा. रोज धुवायला लागते म्हणून परवडलं तर दोन ठेवा. सहा महिन्यांत ती सैल पडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात स्लीव्ह घालणं काय असतं हे मला घालणाऱ्यांनीच सांगितलंय. अशा दिवसांत सकाळचं काम आटपेपर्यंत तरी घाला, आणि किती तास जमलं ते खरं सांगा. ‘हो, दिवसभर घालते’ असं खोटं सांगितलं तर आम्ही उपचार चुकीचे बदलतो.

मालीश, शेक, जळवा?

लसिकेसाठीची मालीश तान्ह्या बाळाच्या गालावरून हात फिरवावा इतकी हलकी असते, आणि ती शिकलेल्या माणसाकडून शिकायची. बाळंतिणीला करतात तसं रगडणं नको. त्या हाताला गरम शेक आणि वाफ नको. उष्णतेनं तिथे रक्त जास्त येतं आणि द्रव जास्त झिरपतो. (काही भागांत रेडिएशनलाही बायका ‘शेक’ म्हणतात. ते वेगळं, ते डॉक्टरांनी सांगितलं तर घ्यायचंच.) जळवा लावणं आणि डाग देणं, दोन्ही कधीच नाही. दोन्हींत कातडी फुटते.

पाणी कमी पिऊ का? लघवीच्या गोळ्या घेऊ का?

दोन्ही नको. ही सूज प्रथिनांनी भरलेल्या द्रवाची आहे. लघवीवाटे पाणी गेलं तरी प्रथिनं तिथेच राहतात. बीपीसाठी किंवा हृदयासाठी दिलेल्या गोळ्या मात्र बंद करू नका.

ऑपरेशननंतर ताकदीसाठी काय खाऊ?

डाळ, अंडी, दही, मासे, भाजी. डिंकाचे लाडू बाळंतपणातले, इथे नकोत. भेटायला येणारा प्रत्येक जण डबा आणतो आणि केमोच्या सहा महिन्यांत आठ किलो वाढतात. वजन हा या सुजेचा सर्वांत मोठा बदलता येणारा धोका आहे.

हा हत्तीरोग आहे का? घरात इतरांना लागेल का?

नाही. हा प्रश्न विदर्भातून जास्त येतो, कारण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात हत्तीपाय लोकांनी पाहिलेला असतो. तो क्युलेक्स डास चावून शरीरात शिरणाऱ्या फायलेरियाच्या कृमींमुळे होतो. दोन्हींत तुंबतात त्या लसिकावाहिन्याच, म्हणून दिसायला सारखं. पण ऑपरेशननंतरची सूज कुणाच्या हातून कुणाला लागत नाही. एकाच ताटात जेवा, लेकराला कुशीत घ्या.

किती वर्षं लक्ष ठेवायचं?

बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत येते. काहींना दहा वर्षांनी, एखाद्या संसर्गानंतर. म्हणून मोजणं सोडू नका, फक्त घाबरणं सोडा. एक मात्र लक्षात ठेवा: अचानक सूज आली, वेदना आहेत, हात निळसर पडलाय, किंवा काखेत-मानेत गाठ लागते, तर फिजिओकडे येण्याआधी कर्करोगतज्ज्ञांकडे जा. रक्ताची गुठळी आणि आजार परत येणं या दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात.

बांगड्या घालू का?

घाला. चार जणी तरी दर महिन्याला हे दबक्या आवाजात विचारतात, आणि बरोबर आलेल्या सासूबाई उत्तराकडे कान लावून असतात. काचेची घट्ट बांगडी चढवताना फुटली तर मनगट कापतं, म्हणून त्या हातात एक माप मोठी, शक्यतो धातूची घाला. महिन्याच्या मापाच्या दिवशी साबण न लावता ती काढून बघा. गेल्या महिन्यात सहज निघाली होती आणि आज अडकली, तर टेप घ्या.